सासऱ्यांचं गवत

"तूच सांग. वडील तुझे आहेत," जावई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाला.

"नाव तू ठेवलंस," मुलगी म्हणाली.

"आणि पुसलंस तू."

ते खरं होतं. नवरा-बायको दोघंही गवतांचे अभ्यासक, एकाच प्रयोगशाळेत, शेजारच्या टेबलांवर. उष्ण प्रदेशातल्या पाच गवतांची कुसळं पिळदार दिसली म्हणून जावयाने त्या पाचांची मिळून एक नवी प्रजाती मांडली आणि तिला सासऱ्यांचं आडनाव दिलं. सासरे बस कंडक्टर होते. त्यांनी भरल्या बसमध्ये घंटी मारून गाडी थांबवली, म्हणून तर त्यातलं पहिलं, रस्त्याकडेचं गवत जावयाच्या हाती लागलं होतं. पुढे मुलीने एकाच ठोंबावरच्या सरळ आणि पिळदार अशा दोन्ही कुसळांचे फोटो काढले; पीळ ही वेगळेपणाची खूण उरली नाही आणि प्रजाती मोडीत निघाली. पाचही गवतं एका फार जुन्या नावाखाली गेली. तिचा लेख आज छापून आला होता. उद्या डेपोतली निवृत्त मंडळी सासऱ्यांचा सत्कार करणार होती, तोही या गवताबद्दलच.

बाहेरच्या खोलीत सासरे सत्काराच्या शर्टाला इस्त्री करत होते. जावई सवयीने खिडकीजवळच्या आरामखुर्चीत जाऊन बसला. सासऱ्यांनी इस्त्री उभी केली आणि ते स्टुलावर टेकले.

मुलीने सांगून टाकलं. एका दमात, कुसळांसकट.

सासऱ्यांनी कॉलरची सुरकुती बोटाने सपाट केली.

"म्हणजे मला मधल्याच थांब्यावर उतरवलंत."

"बाबा, तसं नाही," जावई म्हणाला.

"तुम्ही थांबा, जावईबापू. मी हिला विचारतोय. ते जुनं नाव का टिकलं? माझ्यापेक्षा भारी होतं?"

"भारी-हलकं काही नसतं, बाबा. आधी छापलं गेलं, एवढंच. दोघांत आधीचं जे, ते राहतं. नियमच आहे तसा."

"नंतरचा किती का शिकलेला असेना?"

"हो."

"आणि वर्षानुवर्षं सगळे त्यालाच धरून चालले असले तरी?"

"तरीही."

"मग नंतरचं नाव टाकून देतात?"

"टाकून कशाला देतील? जुन्या नावाच्या खाली बारीक अक्षरात छापतात. कायम राहतं ते."

सासऱ्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग उद्याचा सत्कार घ्यायला हरकत नाही. प्रवासी उतरलेला नाही, मागच्या सीटवर गेलाय. तसं सांगेन मी त्यांना."

जावयाने सुटकेचा श्वास सोडला आणि पाय लांब केले.

सासरे उठले आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. जागेवरून भांडणाऱ्या प्रवाशांसमोर उभं राहावं तसे, शांत, घाई नसल्यासारखे.

"ही खुर्ची मी आणली. तुमच्या लग्नाआधी."

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती शर्टाची घडी घालत होती.

"नियम आहे," ती मान वर न करता म्हणाली.

जावई उठला. सासरे खुर्चीत बसले, पाठ मागे टेकली, पडदा हवा तेवढा सरकवला. मग पायाने स्टूल जावयाकडे ढकललं.

"बसा. वाईट वाटून घेऊ नका. खाली, बारीक अक्षरात, तुम्हीही राहालच."