चारही चाकं जमिनीवर

"बाबागाडी पाच वर्षांखालच्या मुलांनाच मिळते," पार्कच्या गेटवरचा गार्ड म्हणाला. गाडीत बसलेल्या प्रांजलचे गुडघे तिच्या हनुवटीला टेकले होते.

"साडेचारचीच आहे," धोंडूआबा म्हणाले. "आमच्यात सगळे उंच."

गार्डने आबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. मागे रांग खोळंबली होती. "जावा," तो म्हणाला.

प्रांजल आठ वर्षांची होती आणि तिचे पाय ठणठणीत होते. बिघडला होता तो आबांचा उजवा गुडघा. डॉक्टरांनी सांगितलेली काठी भांडुपच्या घरात दारामागे उभी होती आणि तिला अजून बाहेरची हवा लागली नव्हती. काठी म्हाताऱ्या माणसांसाठी असते, असं आबांचं मत होतं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीही त्यांना ते बदलावंसं वाटलं नव्हतं.

त्यावर सुनेने, अक्षताने, अट घातली होती. "काठीशिवाय, कुणाचा हात न धरता, दिवसभर पार्क फिरून दाखवा. मग शिमग्याला जा गावाला. नाहीतर यंदा पालखी व्हिडिओ कॉलवर बघायची."

अटीत बाबागाडीबद्दल काही नव्हतं.

शेजारच्या मृणालिनीच्या बाळाची गाडी आवारात ढकलताना आबांना तो शोध लागला होता. दांडीवर भार टाकला की गुडघा गप्प बसतो. गाडी रिकामी असली तर मात्र ती पुढून उचलली जाते. आत वजन हवं. वजन तिसरीत शिकत होतं आणि त्याची मागणी एकच होती: पार्कातल्या मोठ्या झुलत्या जहाजात एकदा बसायचं.

"दिला शब्द," आबा म्हणाले होते.

तर निघाली वरात. पुढे प्रांजल, दांडीवर आबा, मागे खांद्यावर भलीमोठी बॅग घेतलेली अक्षता. कारंज्यापाशी एक बाई थबकल्या.

"अगंबाई! एवढी घोडी झाली आणि बाबागाडीत?"

"पाय दुखतात माझे," प्रांजल म्हणाली. चेहरा तिने घरी आरशात बसवला होता.

"लाडावून ठेवलंय नुसतं," बाई म्हणाल्या आणि कणीस खात पुढे गेल्या.

"प्रांजल, उतर गं. लोक बघतायत," अक्षता म्हणाली.

"बघू देत ना! माझी नात, माझा जोर," आबा म्हणाले. "तू माझं चालणं बघ. आहे कुठे काठी?"

अक्षताने बघितलं. "चालताय खरे," ती म्हणाली आणि बॅगचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. आबांना तेव्हाच लांबून गावच्या पालखीचा ढोल ऐकू यायला लागला.

जेवणानंतर जहाज आलं. तिथे पाटी होती: किमान उंची चार फूट. गाडी पाच वर्षांखाली, जहाज चार फुटांवर. प्रांजल दोन्हीत बसली. ती उड्या मारत रांगेत जाऊन उभी राहिली. आबा कठडा धरून थांबले. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

"बाबा, उतरायचा दरवाजा पलीकडे आहे," अक्षता म्हणाली. "चला, तिथे थांबू."

पलीकडे म्हणजे चाळीस पावलं. रिकामी गाडी घेऊन.

पहिलं पाऊल पडलं. दुसरंही पडलं. तिसऱ्याला गुडघ्यात कळ आली, आबांनी दांडीवर भार दिला आणि पुढची दोन चाकं हवेत गेली. आबा मागे कलले, कसेबसे सावरले. अक्षता पुढे चालत होती. तिने पाहिलं नाही.

प्रांजलने पाहिलं. तिच्यापुढे एकच मुलगा उरला होता. ती कठड्याखालून वाकून बाहेर आली, धावत सुटली आणि येऊन गाडीत बसली.

"अगं, नंबर आला होता ना तुझा?" अक्षता ओरडली.

"भीती वाटते मला."

पंधरा दिवस जहाज जहाज करून घर डोक्यावर घेतलेली पोरगी. जहाज तिच्याविना हललं. वर गेलेली पोरं किंचाळायला लागली. प्रांजल मान खाली घालून बुटाचं वेल्क्रो लावत होती, काढत होती.

"उतर," आबा म्हणाले.

"आबा, पण तू..."

"उतर म्हणतो ना. शब्द दिलाय." मग ते सुनेकडे वळले आणि त्यांनी आवाज जराही खाली आणला नाही. "हिचे पाय उत्तम आहेत. गुडघा माझा दुखतो. गाडी माझ्यासाठी आहे, ही नुसती वजन आहे. झालं?"

अक्षताने खांद्यावरची बॅग उतरवली. तीन डबे, चार बाटल्या, चादर आणि कपड्यांचे दोन जोड. ती तिने गाडीत बसवली, पट्टा बांधला आणि दांडी दाबून पाहिली. चाकं जागची हलली नाहीत.

"सकाळपासून उचलतेय मी ही धोंड," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंत तर माझा खांदा तरी वाचला असता."

प्रांजल केव्हाच रांगेत पोचली होती.

"आणि शिमग्याचं?" आबांनी विचारलं.

"हिची शाळा बुडेल दोन दिवस. बाईंना चिठ्ठी द्यावी लागेल."

आबांनी दांडी धरली आणि ताठ मानेने निघाले. समोरून मघाच्याच बाई येत होत्या. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. आत पट्टा बांधून बॅग बसली होती.

बाई काही बोलायच्या आत अक्षता म्हणाली, "पाय दुखतात तिचे."