भाऊसाहेबांची कोळंबी

"गेली!" म्हणत हेमांगी मटकन खाली बसली.

तिचे सासरे भाऊसाहेब चार दिवसांसाठी अकोल्याला लग्नाला जाताना खाऱ्या पाण्याची टाकी तिच्यावर सोपवून गेले होते. टाकीत त्यांची लाडकी, लाल पाठीची आणि लांब पांढऱ्या मिशांची शोभेची कोळंबी एकटीच राहायची. आज मात्र ती दगडावर आडवी पडली होती. काचेवर टकटक केलं तरी हलेना.

भाऊसाहेब संध्याकाळी परतणार होते. हेमांगीने तडक दुकान गाठलं, हुबेहूब तशीच दुसरी कोळंबी आणली आणि टाकीत सोडली. मेलेलीला हात लावायचा धीर होईना, म्हणून तिला काडीने दगडामागे सारलं.

भाऊसाहेब आले ते चपला न काढताच टाकीपुढे उभे राहिले. "सूनबाई, या दोन कशा?"

खरंच, दोन कोळंब्या मिशा हलवत फिरत होत्या. हेमांगीला रडूच कोसळलं. तिने सगळं कबूल केलं. भाऊसाहेबांनी दगडामागचं 'प्रेत' चिमटीत धरून वर काढलं. आत काहीच नव्हतं.

"अगं वेडाबाई, तिने कात टाकलीय! अंग कडक होईपर्यंत कपारीत लपली असणार."

महिन्याभरात दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसली. भाऊसाहेब चक्रावले. त्यांनी दुकानदाराला फोन करून विचारलं, "दोघीही माद्या, मग बाप कोण?"

"काका, या जातीत प्रत्येक जण आईही असतो आणि बापही."

फोन ठेवून भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, बारशाला आत्या तू हो. एक तरी नातं पक्कं असू दे."