पाण्यात पडलेली माशी

माझ्या बायकोनं, जैतुनबीनं, कोंबड्याच्या पिसांपासून गळाला लावायच्या नकली माश्या बनवल्या. गिऱ्हाइकानं डबी परत पाठवली: पाण्यात त्या उताण्या पडतात. मी वाळूजच्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. माश्या घरीच तपासता याव्यात म्हणून शोकेसच्या जुन्या काचा चिकटवून टाकी बांधली, कूलरचा पंप बसवून पाणी वाहतं केलं. आठ दिवस सगळी गल्ली टाकीच बघून गेली. थेंबही गळत नव्हता, म्हणून मी ताठ मानेनं फिरायचो. जैतुनबी मात्र गुपचूप पिसं कातरायची, माशी पाण्यात सोडायची, पुन्हा कातरायची. आज शेजारच्या द्वारकाबाई विरजणाला वाटी घेऊन आल्या. टाकीपाशी थबकून त्यांनी वाटीनं माशी उपसून मोरीत फेकली. "करीमभाई, एवढं चांगलं पाणी उघडं ठेवता व्हय? माशी पडली की." जैतुनबी मोरीकडं धावली. मी खिडकीतून गल्लीला हाक मारली, "टाकी बघितलीत, आता जैतुनबीची माशी बघायला या."