साडेपाच फूट

"सहा फुटांच्या वर काम असलं की बेल्ट लावायचाच," असं शिरवळच्या बांधकामावर देखरेखीला असलेल्या रिटायर सुभेदारसाहेबांनी बजावलं होतं. ज्ञानू गवंड्याला मात्र तो बेल्ट म्हशीच्या दाव्यासारखा वाटायचा. आणि भिंत तर सात फूट! मग गडी सकाळधरनं खोरं-पाटी घेऊन राबला, भिंतीच्या अलीकडं दीड फूट मुरूम पसरला आणि बेल्टाविना वर जाऊन बसला.

साहेबांनी टेप लावली. साडेपाच भरले.

"हाय का न्हाई नियमात?" ज्ञानूनं मिशीला पीळ दिला.

"हायस की. पण गड्या, एवढा मुरूम आणलास कुठनं?"

"लांब कशाला जातूय? ह्यो काय, भिंतीच्या पल्याडनंच..." म्हणत ज्ञानूनं मागं वळून खाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, तेवढा बेल्ट द्या वर."