सांगितलेली खोली

पडद्यावर तिचीच खोली होती. आणि त्या खोलीत भलतीच बाई बसली होती.

कपाटाचं एक दार नीट लागत नाही म्हणून खाली खोचलेली कागदाची घडी जागेवर होती. खिडकीच्या काचेवर अर्ध्यापर्यंत चिकटवलेला पांढरा कागद होता. खुर्च्या दोन, पण उशी एकीवरच. फक्त ही खोली परदेशात कुठल्याशा गोदामात होती, आणि एका सुतारानं ती फळ्या ठोकून उभी केली होती.

सिनेमाच तसा होता. आठ-नऊ देशांतले आठ-नऊ दिग्दर्शक मिळून एकच सिनेमा करत होते, आणि त्यांतली एक ती होती. एवढ्या माणसांचं एरवी चहाच्या वेळेवरसुद्धा एकमत व्हायचं नाही, पण ही मंडळी हौशी होती. प्रत्येकानं स्वतःला जिची सगळ्यात जास्त भीती वाटते ती खोली सांगायची. फोटो पाठवायचा नाही, चित्र काढायचं नाही, नुसतं तोंडानं सांगायचं आणि तो आवाज पाठवायचा. दुसऱ्या देशातल्या कुणीतरी तो ऐकून खोली बांधायची आणि तिच्यात चित्रीकरण करायचं. कुणी दात काढायची खोली सांगितली होती, कुणी परीक्षेचा वर्ग. एकानं सासऱ्यांची बैठकीची खोली सांगून सगळ्यांना पोट धरून हसवलं होतं.

तिनं एक पडकं तळघर सांगायचं ठरवलं होतं. पण बोलायला बसली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. तेच पाठवूनही झालं. मागाहून तिनं घाईघाईनं कळवून टाकलं, की खोली मनानं रचलेली आहे.

खरं काय ते कुणाला कळून चालणार नव्हतं. नवऱ्याला या सिनेमाचं कौतुक होतं. 'बायको घरबसल्या परदेशातल्या लोकांबरोबर काम करते,' असं तो ऑफिसात चारचौघांना सांगायचा. त्यातलं 'घरबसल्या' त्याला विशेष आवडायचं. पण हे त्याच्या कानावर गेलं असतं, तर संगणक त्याच दिवशी उचलला गेला असता, आणि संगणकाबरोबर ही माणसंही. दिवसभरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं. त्यात संगणकावरच्या या बैठकांचं बोलणंही ध्वनिमुद्रित होत होतं, कारण तेही सिनेमात घ्यायचं ठरलं होतं. एकदा बोललेलं परत घेता येत नव्हतं.

पडद्यावरची नटी उठली. दाराशी गेली. तिनं कडी काढली आणि सरळ बाहेर निघून गेली.

"अगं, कुठे चाललीस!"

आपण हे मोठ्यानं बोललो हे तिला नंतर कळलं. पडद्यावर नुसतं उघडं दार दिसत होतं. आता कुणीतरी येईल, त्या बाईला दंडाला धरून आत आणेल, मग तिचं काही खरं नाही, असं तिला वाटत राहिलं. कुणी आलं नाही. दृश्य तसंच संपलं.

बाकीच्यांनी आपापल्या चौकटींतून टाळ्या वाजवल्या.

"काय ताई, घाबरलात की काय?" दुभाषी बाई हसत म्हणाली. तिकडच्या दिग्दर्शकाचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे, हे तिचं काम. "ते म्हणतायत, आम्ही एक गोष्ट बदललीय. तुम्ही कडी बाहेरून सांगितली होतीत ना? सुतार म्हणाला, बाईंची बोलताना काहीतरी गडबड झाली असणार. माणूस राहतो त्या खोलीला बाहेरून कडी कोण लावतं? म्हणून मग त्यानं ती आतल्या बाजूला बसवली. चालेल ना?"

चालेल, हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. तेवढं म्हटलं की भागत होतं. उद्या पुन्हा बैठक, पुन्हा ही माणसं, पुन्हा थट्टामस्करी. तिनं हसायला तोंडही उघडलं.

पण तो सुतार डोक्यातून जाईना. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तिची भाषाही त्याला येत नव्हती. तरी भाषांतर ऐकल्याऐकल्या त्याला बाहेरची कडी चूक वाटली होती. इतक्या वर्षांत तिला स्वतःला तसं कधी वाटलं नव्हतं. या विचारानं ती नवऱ्याला भ्यायची त्याहून जास्त घाबरली.

"नाही," ती म्हणाली. "माझी गडबड नाही झाली. कडी बाहेरूनच आहे."

दुभाषी बाईनं ते तिकडे सांगितलं. दिग्दर्शक गोंधळून हसला आणि त्यानं काहीतरी विचारलं.

"ते म्हणतायत, मग आतल्या बाईला बाहेर पडायचं असलं तर ती काय करते?"

तिनं मान वळवून आपल्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काही नाही. हे संध्याकाळी घरी आले, की काढतात."