नारळाचा रकाना

कौसर इंजिनिअरच्या पहिल्या इमारतीचा आज पाया भरायचा होता. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये तिने खांबाखालच्या एकेका फूटिंगला नंबर दिला, तशी यादी आपोआप तयार झाली होती: एफ-१ ते एफ-२४. तो कागद नाचवतच ती देऊळगाव राजाच्या साइटवर पोचली. खड्डे मोजले, तर तेवीस. काँक्रीटची गाडी फाट्यापर्यंत आली होती.

"मिस्त्री, एफ-१ कुठे आहे?"

"तुमचा कॉम्प्युटर चुकला असन, म्याडम," गोपाल मिस्त्री म्हणाला. "मी तीस वर्सांपासून खड्डे खंदून राह्यलो."

कौसर टेप लावत ईशान्य कोपऱ्यात गेली. तिथे मातीवर हळदकुंकू होतं.

"थो त भूमिपूजनाचा खड्डा. नारळ ठेवला आन् बुजवला. त्याच्यावर आता कुदळ कोन मारन?"

"मग वरचे तीन मजले कोणाच्या भरवशावर?"

मिस्त्रीने वर, रिकाम्या आभाळाकडे पाहिलं. नमस्कार केला आणि स्वतःच कुदळ उचलली; मागोमाग सगळे मजूर खणायला लागले. गाडी तासभर थांबली.

आठवड्याने त्याचा अमडापूरच्या नव्या साइटवरून फोन आला. "म्याडम, इथं पूजा कोन्त्या नंबरावर करू?"

तेव्हापासून कौसरच्या यादीत पाच रकाने असतात: लांबी, रुंदी, खोली, सळई आणि नारळ.