सांधणी

टांगा दारात उभा राहिला आणि नेमक्या त्याच घटकेला थोरल्या सुबरावानं उभ्या धाग्यांची नवी ताणी मागावर चढवली. मुद्दाम! वडगावच्या त्या विणकराच्या घरात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. धाकटा परसू शिमग्याला बायकोला मुंबईला न्यायला आला तेव्हा हेच, दसऱ्याला हेच. तो तिकडं गिरणीत लागून जुना झाला, आणि त्याची बायको गुणाबाई अजून इथंच.

जुनी ताणी विणून संपली की तिची टोकं मागाच्या फणीतच राखायची, आणि नव्या ताणीचा एकेक धागा राखेच्या बोटांनी त्या टोकांना पिळून जोडायचा, ही सांधणी. घरात तिचा हात एकट्या गुणाबाईला. आणि सांधणी अर्धी टाकून घरच्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, ही आजेसासूपासूनची चाल.

"बस गं," जाऊ अक्काताईनं राखेची वाटी तिच्यापुढं आपटली. "आगगाडी काय, उद्याबी हाय."

परसूनं ट्रंक खाली ठेवली. "अण्णा, आज तरी..."

"आज काय? तू जा की, तुला कुणी धरलंय?" सुबराव खांबाला टेकून तंबाखू मळत होता. "माग बंद पडल्यावर आम्ही खायाचं काय? तुझ्या गिरणीचा धूर?"

परसूनं मान खाली घातली. बायकोजवळ येऊन पुटपुटला, "गुणा, पुढच्या खेपेला नक्की नेतो."

पुढच्या खेपेला! गुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या माणसाच्या भरवशावर बसलं तर मुंबई सरणावरूनच बघायची.

तरी ती मागाशी बसली. पदर पुढं ओढला, बोटं राखेत घातली, दोन-चार धागे जोडले.

"आली बघा ताळ्यावर," अक्काताई म्हणाली.

गुणाबाईचा हात थांबला. थोरल्या दिरासमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. आजही ती जावेकडंच बघून बोलली.

"जाऊबाई, भावजींस्नी इचारा. सांधणी अर्धी टाकून जायाचं न्हाय, एवढंच न्हवं?"

"एवढंच," सुबराव गुरगुरला.

"आणि सांधायला कायच न्हाय ऱ्हायलं तर?"

ती उठून मागाच्या पुढं आली, फणीतल्या जुन्या टोकांचा झुबका मुठीत धरला आणि हिसडला. मग दुसरा झुबका, मग तिसरा. फणीतनं धागे सळसळत निघाले. सासऱ्यानं भरल्यापासून तो माग कधी रिकामा झाला नव्हता. आता एकेक धागा फणीतनं ओवून तो नव्यानं भरायला सुबरावाला गावभर कारागीर धुंडाळावा लागणार होता.

"अगं रांडं, घराचा माग मोडलास की गं!" अक्काताई किंचाळली. सुबरावाची तंबाखू हातातच राहिली.

गुणाबाईनं धाग्यांचा गुंता जावेच्या ओंजळीत कोंबला. "घ्या. आता अर्धं कायबी न्हाय."

उंबरा ओलांडून ती टांग्यात जाऊन बसली. परसू ट्रंकेपाशी तसाच उभा होता, एकदा भावाकडं बघत, एकदा टांग्याकडं. गुणाबाईनं राखेची बोटं लुगड्याला पुसली.

"येतासा," तिनं आतनं विचारलं, "का टांगा हाणायला सांगू?"